सलमाबादचे लॉर्डसाहेब

काका टीव्ही उभ्यानं बघायचे. समोरचा सोफा रिकामा असला तरी ते सोफ्याच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून, डावा हात पाठीशी आणि उजव्या हातावर घडी घातलेला टॉवेल टाकून उभे राहायचे. बहारीनमधल्या गुदैबियाच्या त्या फ्लॅटमध्ये मी राहायला गेलो तेव्हा मला वाटलं, माणसाला मूळव्याधीचा त्रास असावा. आपण नवीन, विचारायचं कसं, म्हणून तीन शुक्रवार गप्प बसलो. चौथ्या शुक्रवारी न राहवून म्हटलं, "काका, बसा की." माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "सायब लोक बसान बघतत. उभ्यान बघणाऱ्याक जास्ती दिसता."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं आणि नावाआधी 'मिस्टर' लावायला विसरलो, तर माझी खैर नाही.

काका कुडाळजवळच्या एका वाडीतले. तरुणपणी बहारीनला आले आणि पुढे बारा वर्षं एका इंग्रज कुटुंबाच्या बंगल्यात कामाला होते. ते कुटुंब मायदेशी गेल्यावर हूऱ्यातल्या एका हॉटेलात पार्टी-हॉलचे कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचे मुकादम झाले. बंगल्यातल्या मडमेला तिच्या देशातल्या उमरावांच्या जुन्या काळातल्या मालिकांचं वेड होतं. मोठमोठे महाल, शिकारी कुत्री, पायघोळ झगे, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी मरायला टेकलेलं. मडम सोफ्यावर आणि काका मागे ट्रे घेऊन, अशी ती बारा वर्षं गेली. इंग्रजी पुरतं कळायचं नाही, त्यामुळे काकांना गोष्ट समजायची ती वाढपावरून.

एकदा मी विचारलं, "त्या मालिकेत शेवटी त्या घराचं वाटोळं कशानं झालं हो?"

"सूप थंड गेला," काका म्हणाले. "तिसऱ्या भागात. मी तेव्हाच वळाखलंय, ह्यां घर टिकणा नाय."

मी साताऱ्याकडचा, सलमाबादच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये कागदपत्रं सांभाळणारा क्लार्क. काका मला 'घाटी' म्हणायचे आणि घाटावरच्या माणसाला जेवता येत नाही, तो फक्त पोट भरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मला सुरुवातीला त्यांचा भयंकर राग यायचा. शुक्रवारचं, सुट्टीच्या दिवसाचं, दुपारचं जेवण म्हणजे शिक्षा. रंगाच्या दोन पिंपांवर प्लायवूड, त्यावर हॉटेलानं टाकून दिलेली पण काकांनी कडक इस्त्री केलेली पांढरी चादर. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय बसायचं नाही. काका डावीकडून वाढणार, उजवीकडून उचलणार, आणि आम्ही तळलेला बांगडा काट्याचमच्यानं खाणार. आमचा तिसरा भिडू शंकर, देवगडचा, एसी मेकॅनिक. त्यानं एकदा काटा जरा जोरात रोवला आणि बांगडा उडून खिडकीच्या पडद्याला चिकटला. काका शांतपणे गेले, बांगडा चिमट्यानं उचलला, नव्या बशीत ठेवला आणि पुन्हा डावीकडून शंकरसमोर आणला.

"चमचो चुकलो तर चलात," ते म्हणाले, "पण चेहरो चुकूचो नाय."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पार्टीत झुंबर कोसळलं तरी वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलता कामा नये. हॉटेलातल्या नव्या पोरांना ते आरशासमोर उभं करून पाठीमागे स्टीलचं ताट आपटायचे. जो दचकला त्याला त्या दिवशी फक्त पाणी वाढायला मिळायचं.

वय झालं म्हणून हॉटेलानं त्यांना निरोप दिला. दोन महिन्यांनी व्हिसा संपणार आणि काका कायमचे घरी जाणार असं ठरलं. आम्ही विचारलं, जाण्याआधी काय काय घ्यायचं राहिलंय? सोनं? टीव्ही? काका म्हणाले, "पिक्चर काढूचो आसा."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी माझ्या नव्या मोबाईलकडे बोट दाखवलं. "ह्या तुझ्या फोनात येता मा पिक्चर? मगे झाला तर. त्या लॉर्डांची मजा करूची आसा. एकदम इंग्लिश लॉर्ड, पण वागतलो आमच्या गावच्यासारखो."

लॉर्डाला महाल हवा. तो मिळाला हसनभाईंमुळे. हसनभाई मंडणगडचे, सलमाबादेत लग्नाचं सामान भाड्यानं देणाऱ्या एका गोदामाचे सर्वेसर्वा. बाहेरून पत्र्याची शेड, शेजारी टायरचं दुकान. आत शिरलं की सोनेरी सिंहासनं, मखमली सोफे, माणसाएवढे दिवे, प्लॅस्टिकची गुलाबं आणि छताला झाकून टांगलेली सात झुंबरं. काकांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ते दारातच थबकले आणि बूट पुसायला लागले.

"इंशाल्ला, शुक्रवारी या," हसनभाई म्हणाले. "मालकाला, अरबाबला सांगितलंय मी. पण सोफ्यावर चहा सांडला तर खलास. रविवारी लगीन हाय."

हसनभाई सहा फूट उंच, गोरेपान, मेंदी लावलेली दाढी. त्यांना बघितल्यावर लॉर्ड कोण करणार हा प्रश्नच उरला नाही. काका स्वतः बटलर. लॉर्डाची बायको मात्र अडली. आमच्या ओळखीत बाई माणूस नाही, आणि असती तरी ती शुक्रवारची दुपार टायरच्या दुकानाशेजारी कशाला घालवेल? तेव्हा शंकर, जो आजवर एसीच्या गॅसशिवाय कशावर बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "मी गावात दशावतारात बाय करी. सात वर्सां."

शंकरनं काय बाई केली म्हणून सांगू! लग्नाच्या पडद्याचं जांभळं सॅटीन त्यानं असं नेसलं की झग्याचा झगा आणि पैठणीची पैठणी. आधी कापड कपाळाला लावलं, मग मोबाईलच्या कॅमेऱ्याला वाकून नमस्कार केला. एकदा झगा चढला की तो शंकर राहायचा नाही. हसनभाईंनी चुकून "ए शंकर, सरक" म्हटलं तर त्यानं मान अशी वळवली की हसनभाई "सॉरी मॅडम" म्हणाले.

घोळ झाला तो वेगळाच. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. खेळाआधी कथा काय ती सांगतात, मग ज्यानं त्यानं रंगमंचावर आपापलं बोलायचं, आणि जो अडेल तो हरला. काकांनीही तसंच केलं. सोफ्याच्या मागे उभं राहून गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "आता बोला." लेडीसाहेब बटलरला चहा मागतात, एवढाच प्रवेश होता. शंकरनं चहा मागितला. काकांनी विचारलं, कुठल्या बागेतला? शंकरनं पतिव्रतेनं कुठल्या बागेतला चहा प्यावा यावर पाच मिनिटं सांगितलं. काकांनी त्याला उत्तर म्हणून साखरेचं महत्त्व सांगितलं. दोघंही कोकणातले, मागे कोण हटतो? चाळीस मिनिटं झाली, माझा हात भरून आला, लॉर्डसाहेब सिंहासनावर घोरायला लागले, आणि चहा काही आला नाही. तेवढ्यात गोदामाचे बहारीनी अरबाब आत आले. त्यांनी जांभळ्या झग्यातल्या शंकरकडे पाहिलं, घोरणाऱ्या हसनभाईंकडे पाहिलं, एक सोनेरी खुर्ची ओढली आणि बसले. "यल्ला," म्हणाले, "कंटिन्यू." त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण डोळे पुसून पुसून हसत होते. पुढच्या शुक्रवारी ते घरून समोसे घेऊन आले.

वारसाहक्काचा प्रवेश मला सगळ्यात आवडायचा. असल्या मालिकांत हमखास एक वकील येतो आणि इस्टेटीचा एकमेव वारस कोण ते वाचून दाखवतो. काकांना ते कधीच पटलं नव्हतं. "एकच वारस? असो सातबारो मी बघूक नाय." आमच्या सिनेमात मी वकील. मी सातबारा उघडतो आणि नावं वाचायला लागतो. नावं संपत नाहीत. लॉर्ड चहा पितो, जेवतो, झोपतो, उठतो, माझं वाचन चालूच. सदतिसाव्या नावाला कळतं की मुंबईच्या आत्याची सही राहिलीय, आणि सगळे डोक्याला हात लावतात.

मूळ कथा मात्र साधी होती. महालाच्या मधोमध भिंत आहे. पलीकडे लॉर्डाचा धाकटा भाऊ राहतो. भावानं तातडीचा निरोप पाठवलाय, ताबडतोब ये. लॉर्डाची चहापार्टी चालू आहे. बटलर पुन्हा पुन्हा येऊन सांगतो, "माय लॉर्ड, भाव बोलावता." लॉर्ड म्हणतो, "आधी केक." मग "आधी बिस्कीट." मग "आधी फोटो." शेवटी पार्टी संपते, लॉर्ड उठतो, भावाच्या दाराशी जातो, तर दार बंद. लॉर्ड दार वाजवतो. दार उघडतं आणि भाऊ काहीतरी बोलतो.

काय बोलतो, ते ठरत नव्हतं. काकांनी एक सुचवलं, मग दुसरं, मग तिसरं. भाऊ रागावतो. भाऊ रडतो. भाऊ केक मागतो. प्रत्येक वेळी मान हलवून म्हणायचे, "तो असा बोलणार नाय." मी वैतागलो. व्हिसाचे अठरा दिवस उरले होते. म्हटलं, "काका, तो कसा बोलेल ते तुम्हीच ठरवणार ना? भाऊ तुमच्या डोक्यातला आहे."

हसनभाईंनी अंगातला लॉर्डाचा कोट काढला आणि काकांच्या खांद्यावर टाकला.

"ह्यो सीन माझ्याकडनं व्हायचा नाय," ते म्हणाले. "माझा भाऊ माझ्याशी रोज बोलतो. भाऊ तुझा हाय. दार तू वाजव."

मग काकांनी सांगितलं. नेहमीप्रमाणे उभ्यानंच. अठरा वर्षांपूर्वी इंग्रजाच्या बंगल्यात मोठी पार्टी होती, चाळीस माणसं. दुपारी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला की आई गेली, लगेच निघ. काकांनी फोन ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. रात्री पार्टी वाढली. सूप गरम गेलं, एक चमचा चुकला नाही, आणि पाहुण्यांपैकी कोणालाही काकांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मडमेला त्यांनी सांगितलं दोन दिवसांनी. ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, अरे, तू बोलला असतास तर मी स्वतः तुला विमानतळावर सोडलं असतं.

"सुट्टी मागली असतंय तर गावली असती," काका म्हणाले. "मीच मागूक नाय. माका वाटला, पार्टी बिघडात."

ते गावी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. भाऊ म्हणाला, "तुझ्या सायबाची पार्टी बरी झाली मा?" त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. पुढच्या सुट्टीत काका गेले तर माजघरात भिंत उभी होती. एका छपराखाली दोन घरं, दोन दारं. अठरा वर्षं दर सुट्टीला काका त्या भिंतीशेजारी महिनाभर राहून येत होते. आता उरलेलं सगळं आयुष्य तिच्याशेजारी काढायचं होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. सरळ माफी मागायची तर तोंड उघडत नव्हतं. म्हणून हा सगळा खटाटोप, लॉर्ड, झगे आणि झुंबरं.

मला स्वतःची लाज वाटली. एवढे दिवस मी या माणसाला नुसता विक्षिप्त समजत होतो.

शेवटचा प्रवेश काकांनी केला. सहा फुटी हसनभाईंचा कोट काकांच्या गुडघ्याखाली आला, बाह्यांतून हात दिसेनात. गोदामातलं एक पांढरं सोनेरी दार आम्ही दोन सिंहासनांच्या मधे उभं केलं होतं. काकांनी ते तीनदा वाजवलं आणि उभे राहिले. मी चित्रीकरण चालू ठेवलं. दार उघडायला मागे शंकर होता, पण काकांनी खूण केली नाही म्हणून त्यानंही उघडलं नाही. काका तसेच दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बंद कर. ह्येच्यापुढचां माका म्हायत नाय."

बहारीनमधल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात फॅशन शो आणि जेवण यांच्या मधली वीस मिनिटं आम्हाला मिळाली. दरवर्षी सलमाबादची माणसं त्या हॉलमध्ये येत ती खुर्च्या मांडायला. काका कोट घालून भिंतीला टेकून उभे होते. माझ्या कानात म्हणाले, "आमका हसतले की आमच्या पिक्चराक हसतले रे?" मलाही तीच धास्ती होती. पण शंकर जांभळ्या झग्यात पडद्यावर आला आणि पहिल्या रांगेतल्या पैठण्या खदखदून हसायला लागल्या. सातबाऱ्याला तर माणसं उठून उभी राहिली. "आमची पण मुंबईची आत्या!" कोणीतरी मागून ओरडलं. सगळ्यात जास्त हसली ती इंग्रजी शाळेत जाणारी मुलं, कारण त्या मालिका त्यांनी घरी आयांबरोबर पाहिल्या होत्या. उंच लॉर्ड पुढच्याच क्षणी बुटका झाला तेव्हा एक चिमुरडी ओरडली, "मम्मा, लॉर्ड श्रिंक झाला!" आणि हॉल कोसळायचा बाकी राहिला. मग बुटक्या लॉर्डानं दार वाजवलं, पडदा काळा झाला, आणि सगळे ओरडायला लागले, "अरे, पुढे काय? दार उघडा!"

काकांना स्टेजवर बोलावलं. ते इतकंच म्हणाले, "पुढचां माझ्या हातात नाय," आणि अदबीनं मान लववून खाली उतरले.

आता सिनेमा भावापर्यंत पोचवायचा होता. भावाचा नंबर काकांकडे नव्हता, पण वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊ होता. तो फक्त बघायचा, कधी काही टाकायचा नाही. काकांनी तीन वेळा फोन हातात घेतला आणि तीन वेळा खाली ठेवला. शेवटी शंकर म्हणाला, "काकानू, माझो झगो सगळ्या जिल्ह्याक दिसाक व्हयो," आणि मला डोळा मारला. मी बटण दाबलं. अंगठे आले, फुलं आली, "शंकऱ्या, बरो दिसतंस" आलं. भावाचं काही आलं नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. काकांनी सामानाचा खोका बांधला, दोरीच्या गाठी मारल्या, सोडल्या, परत मारल्या. त्या शुक्रवारी बांगडा त्यांनी उजवीकडून वाढला.

जाण्याच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, ग्रुपवर व्हिडिओ आला. कौलारू पडवी, लाकडी दार. बाहेरून कोणीतरी तीन टकटका मारल्या. दार उघडलं. आत काकांचाच चेहरा, फक्त जास्त उन्हातला. बनियनवर चादर पांघरलेली आणि डोक्यावर दशावतारातल्या राजाचा सोनेरी मुकुट, कानांवर उतरलेला. त्यानं कॅमेऱ्याकडे रागानं बघायचा प्रयत्न केला. जमला नाही. परत केला. मग म्हणाला, "आपल्याच घराचां दार कोण वाजवता काय? कडी खय लावलेली आसा? भितर ये." आणि चादर ओठांवर ओढून हसायला लागला, म्हणजे आम्हाला तरी ते हसणंच वाटलं.

काकांनी व्हिडिओ पाच वेळा बघितला. त्यांचे गाल ओले झाले होते, आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. शंकर तर उघडच रडत होता. मला वाटलं, आता हे माफी मागतील, अठरा वर्षांचं मनातलं बोलतील. काकांनी ग्रुपमधून भावाचा नंबर शोधला, फोन लावला, आणि पलीकडून "हॅलो" येताच म्हणाले,

"अरे येड्या, लॉर्ड मुकुट घालीत नाय!"

पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"मगे काय घालता, तां तू येवन दाखय!"

"इलंय," काका म्हणाले.